विश्लेषण : बेसारेबियाच्या गुलाबांचा गालिचा नेमका कुणाचा?

लंडन, पॅरिस किंवा न्यूयॉर्कमधील जुन्या गालिच्यांच्या विक्रेत्यांच्या याद्या चाळल्या, तर काळ्या जमिनीवर गुलाबांचे घोस विणलेला एक पातळ गालिचा वारंवार दिसतो. त्याखाली एक ओळ असते : ‘बेसारेबियन किलीम, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध’. विणणारीचे नाव नसते, गावाचे नसते, अनेकदा देशाचेही नसते. बेसारेबिया नावाचा देश आजच्या नकाशावर नाहीच. त्या प्रदेशाचा मोठा भाग मोल्दोवात आहे आणि उत्तर-दक्षिणेकडचे तुकडे युक्रेनमध्ये. हस्तकलेच्या वस्तूंना भौगोलिक मानांकन देणारा युरोपीय संघाचा कायदा १ डिसेंबर २०२५पासून लागू झाला आहे, आणि मोल्दोवा व युक्रेन हे दोन्ही देश या संघाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. त्यामुळे गालिच्याखालच्या त्या एका ओळीत कुणाचे नाव असावे, हा प्रश्न आता दिवाणखान्याच्या सजावटीपुरता उरलेला नाही.

हा गालिचा वेगळा कसा?

काश्मिरी किंवा इराणी गालिच्यात उभ्या धाग्यांना लोकरीच्या गाठी मारून वर मऊ लव सोडलेली असते. किलीमात गाठ नाही, लव नाही. आपल्या सतरंजीसारखे त्याचे सपाट विणकाम असते. फरक इतकाच की सतरंजीच्या पट्ट्यातला आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत सलग जातो. किलीमात प्रत्येक रंगाचा आडवा धागा त्या रंगाच्या जागेपुरताच फिरतो आणि तिथूनच माघारी वळतो. पैठणीचा पदर विणताना मोराच्या प्रत्येक रंगासाठी वेगळी कांडी लागते, तसेच हे. पैठणीत शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवले जातात. किलीमात बहुतेक वेळा ते अडकवत नाहीत, त्यामुळे दोन रंगांच्या उभ्या सीमेवर बारीक फट राहते. गालिचा उजेडासमोर धरला की त्या फटी दिसतात.

या तंत्राला चौकोन, त्रिकोण, पायऱ्या सोप्या जातात. गुलाब अवघड. पाकळीची गोलाई आणायची तर रंगाची सीमा एकेका धाग्याने सरकवत न्यावी लागते, कुठे आडवा धागा मुद्दाम तिरका दाबावा लागतो. तुर्कस्तानापासून बाल्कन देशांपर्यंतचे बहुतेक जुने किलीम भौमितिक आहेत, ते काही अंशी याच कारणाने. सर्बियातील पिरोत आणि बल्गेरियातील चिप्रोव्त्सी इथले किलीम पाहिले तर हे लगेच लक्षात येते. बेसारेबियात मात्र खेड्यातल्या बायकांनी साध्या मागावर, घरच्या मेंढ्यांच्या लोकरीत, पूर्ण उमललेले गुलाब विणले. जाणकारांना या गालिच्याचे कौतुक वाटते ते मुख्यतः यासाठी.

गुलाब खेड्यात पोहोचले कसे?

धागा फ्रान्सपर्यंत जातो. ओबुसाँ या गावातील विणकरशाळांना १६६५मध्ये ‘शाही’ दर्जा मिळाला. तिथे विणलेले फुलांच्या माळांचे, गुच्छांचे सपाट गालिचे पुढे साऱ्या युरोपातील श्रीमंतांच्या घरात गेले. रशियन उमरावांना फ्रेंच गोष्टींचे वेड होते. त्यांच्या वाड्यांत अशा गालिच्यांची मागणी आली आणि साम्राज्याच्या दक्षिणेकडील कार्यशाळांत त्यांचे स्थानिक अवतार तयार होऊ लागले. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये छापलेले भरतकामाचे चौकटीचौकटींचे नमुने युरोपभर स्वस्तात विकले जाऊ लागले. चौकट मोजून टाका घालायचा, तसा चौकट मोजून धागा फिरवता येतो. त्यामुळे वाड्यातला गुलाब खेड्यातल्या मागावर उतरणे शक्य झाले.

पण ही नुसती नक्कल नव्हती, हे नीट पाहिले तर कळते. ओबुसाँच्या गालिच्याची जमीन बहुधा फिकट, बदामी किंवा गुलाबीसर. बेसारेबियात ती काळी किंवा गडद तपकिरी झाली. फ्रेंच गालिच्यात मध्यभागी एक पदक आणि त्याभोवती चौकट असा शिस्तीचा आराखडा असतो. इथे फुले कधी रांगेत, कधी कुंडीतून वर चढणाऱ्या झाडावर, तर कधी काठ ओलांडूनही पसरतात. कुंडीतले ते झाड म्हणजे या भागात आधीपासून विणला जाणारा ‘जीवनवृक्ष’. पाहुणा म्हणून आलेला गुलाब त्या जुन्या झाडावर उमलला, एवढेच.

‘बेसारेबिया’ हे नाव आले कुठून?

नावात ‘अरब’ ऐकू येत असले तरी अरबांशी त्याचा काही संबंध नाही. हे नाव वालाकिया या जुन्या संस्थानावर राज्य करणाऱ्या बासाराब घराण्यावरून पडले. सुरुवातीला ते फक्त डॅन्यूबच्या मुखाजवळच्या दक्षिण पट्ट्याला वापरत. १८१२मध्ये ऑटोमन साम्राज्याबरोबरच्या बुखारेस्ट तहाने रशियाने प्रूत आणि नीस्टर या दोन नद्यांमधला सगळा मुलूख घेतला आणि त्या सगळ्यालाच बेसारेबिया म्हणायला सुरुवात केली. थोडक्यात, गालिच्याला चिकटलेले नाव हेच मुळी एका साम्राज्याने ताणून मोठे केलेले आहे.

पुढे १९१८मध्ये हा प्रदेश रुमानियाला जोडला गेला. हिटलर-स्टालिन कराराच्या जोरावर जून १९४०मध्ये सोव्हिएत संघाने तो हिसकावला आणि त्याचे तुकडे केले. मधल्या मोठ्या भागाचे मोल्दोवियन सोव्हिएत प्रजासत्ताक झाले. काळ्या समुद्राकडचा दक्षिण भाग, ज्याला बुजाक म्हणतात, आणि उत्तरेचा एक भाग युक्रेनला दिला गेला. १९९१मध्ये मोल्दोवा स्वतंत्र झाला तो याच सीमांसह.

या मुलखात रुमानियन बोलणाऱ्यांबरोबर युक्रेनियन, बल्गेरियन, ज्यू, जर्मन आणि तुर्की वळणाची भाषा बोलणारे ख्रिस्ती गागाउझही राहत होते. रशियाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत बल्गेरियन, गागाउझ आणि जर्मन वसाहतकरी इथे वसवले. बल्गेरियन आणि गागाउझ बायका आपली विणकामाची रीत घेऊन आल्या. तिथले जर्मन १९४०च्या शरद ऋतूत, सुमारे ९३ हजार लोक, एका फटक्यात जर्मनीकडे हलवले गेले. अशा ठिकाणी शेजारणीचा नमुना पाहून विणलेला गुलाब कोणत्या ‘राष्ट्राचा’, हे ठरवणार कसे?

घरात त्याचे स्थान काय होते?

बाजार त्याला जमिनीवर अंथरतो. खेड्यात तो बहुधा भिंतीवर असे. मोल्दोवातल्या घरात ‘कासा मारे’ म्हणजे मोठी, देखणी खोली राखून ठेवलेली असते. रोजच्या वापराला नाही, पाहुण्यांसाठी, लग्नासाठी आणि मृत्यूनंतर देह ठेवण्यासाठी. तिच्या भिंतींवर किलीम, बाकांवर ‘लाइचेर’ नावाच्या अरुंद लांब पट्ट्या. हिवाळ्यात मातीच्या भिंतीचा गारठा हा लोकरीचा पडदा अडवतो. मुलगी लग्नाची होईपर्यंत आईने आणि तिने मिळून विणलेले गालिचे घडी घालून पेटाऱ्यावर रचले जात. या ‘झेस्त्रे’ची, म्हणजे मुलीबरोबर जाणाऱ्या सामानाची, उंची पाहून लोक घर जोखत. आपल्याकडे मांडवात रुखवत मांडून मुलीच्या हातची कला दाखवतात, त्याच्या जवळची ही गोष्ट आहे, फक्त इथे रुखवतात वर्षानुवर्षांची मेहनत असे. अंत्यविधीतही गालिच्याला स्थान होते. आत्मा पलीकडे जातो त्या वाटेचे ते चिन्ह मानले जाई.

रुमानियन भाषेत या भिंतीवरच्या गालिच्याला ‘स्क्वार्त्सा’ म्हणतात. त्याचा दुसरा अर्थ झाडाची साल. घराला साल असावी तसा तो. याच भाषेत मागाला आणि युद्धाला एकच शब्द आहे, ‘रझबोय’.  या प्रदेशाचा गेल्या शतकाचा इतिहास वाचताना ते साम्य मनातून जात नाही.

घराच्या भिंतीवरून तो बाजारात कसा गेला?

याचे उत्तर ‘संग्राहकांनी शोधून काढला’ असे दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. अनेक गालिचे विकले गेले ते संकटात. १९४६-४७च्या दुष्काळात, आणि त्याही स्थितीत चालू राहिलेल्या सरकारी धान्यवसुलीत, मोल्दोवात लाखाहून अधिक माणसे मेली. त्या हिवाळ्यात घरातल्या किडुकमिडुकाबरोबर गालिचेही धान्याच्या बदल्यात गेले. ५ ते ६ जुलै १९४९च्या रात्री ‘कुलक’ म्हणजे सधन शेतकरी ठरवून ११ हजारांहून अधिक कुटुंबे, सुमारे ३५ हजार माणसे, सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केली गेली. त्याआधी जून १९४१मध्येही एक हद्दपारी झाली होती. अशा वेळी जे हातात मावले ते बरोबर गेले, घर आणि त्यातले सामान मागे राहिले. सधन घरांतच चांगले गालिचे जास्त असत, हे इथे लक्षात घ्यावे.

सोव्हिएत काळात चिशिनाव आणि उंगेनी इथे यंत्रांवर गालिचे विणणारे कारखाने आले. फुलांचा नमुना टिकला, हाताचा माग हळूहळू माळ्यावर गेला. १९९१नंतर अर्थव्यवस्था कोसळली आणि तरुण पिढी इटली, रुमानिया, रशियाकडे कामासाठी निघाली. २०२४च्या जनगणनेत ट्रान्सनिस्ट्रियाचा फुटीर पट्टा वगळता देशात जेमतेम २४ लाख रहिवासी मोजले गेले. मागे राहिलेल्या आजीकडून पेटाऱ्यावरचा गालिचा कुणी फिरता व्यापारी चार पैशांत घेऊन गेला, तर आश्चर्य ते काय? तोच पश्चिमेतल्या दुकानात धुतला, दुरुस्त केला की ‘सजावटीची कला’ होतो.

नावाचे गणितही इथेच बिघडते. बाजारात ‘बेसारेबियन’ हा शब्द आता ठिकाणापेक्षा शैलीसाठी वापरला जातो. युक्रेनच्या पोल्तावा किंवा पोदोलियातील, रुमानियाच्या ओल्तेनियातील गालिचेही या नावाने विकले जातात. काळी जमीन आणि गुलाब दिसले की हेच नाव लागते. तुर्कस्तान, चीन आणि भारतातही ‘बेसारेबियन’ नमुन्याचे नवे गालिचे तयार होतात. विक्रेत्याला नेमके गाव शोधण्याचे काही कारण नसते, कारण मोघम नावाला गिऱ्हाईक आहे.

युनेस्कोने काय केले?

२०१६मध्ये आदिस अबाबा इथल्या बैठकीत ‘रुमानिया आणि मोल्दोवा प्रजासत्ताकातील भिंतीवरच्या गालिच्यांचे पारंपरिक कौशल्य’ युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आले. ओबुसाँचे विणकाम २००९मध्ये, चिप्रोव्त्सीचे २०१४मध्ये तिथे पोहोचले होते. दोन देशांनी मिळून अर्ज केला, हे चांगलेच झाले. पण त्यात युक्रेन नव्हता. म्हणजे बुजाकमधल्या बल्गेरियन, गागाउझ, मोल्दोवन खेड्यांत विणले गेलेले किलीम त्या नोंदीच्या बाहेर राहिले. युनेस्कोची यादी मालकी ठरवत नाही, ती फक्त कौशल्याची दखल घेते. तरी देश तिच्याकडे सातबाऱ्यासारखे पाहतात, हे २०२२मध्ये बोर्श्टच्या सुपावरून दिसले. रशियाच्या आक्रमणानंतर काही महिन्यांतच युक्रेनी बोर्श्टची परंपरा तातडीच्या संरक्षणाच्या यादीत गेली आणि मॉस्कोचा जळफळाट झाला.

बुजाकची आजची स्थिती तर आणखी बिकट आहे. जुलै २०२३मध्ये रशियाने काळ्या समुद्रातील धान्य करारातून अंग काढून घेतले. तेव्हापासून डॅन्यूबकाठची इझमाइल आणि रेनी ही बंदरे ड्रोनच्या माऱ्याखाली आहेत. तिथल्या खेड्यांत पेटाऱ्यात काय उरले आहे याची मोजदाद सध्या कुणाच्या प्राधान्यावर असेल असे वाटत नाही.

नव्या कायद्याने काय बदलेल?

पैठणीला आपल्याकडे भौगोलिक मानांकन आहे. युरोपात शॅम्पेनसारखे पेय किंवा पार्मेजानो चीज यांना अशा प्रकारचे संरक्षण फार पूर्वीपासून मिळते. हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंना मात्र संघभर लागू होणारा असा कायदा नव्हता. मुरानोची काच, डोनेगलची ट्वीड, लिमोजची पोर्सेलीन भांडी यांना ज्या त्या देशाच्या कायद्यावर विसंबावे लागे. २०२३मध्ये मंजूर झालेल्या नियमाने ही उणीव भरून काढली. नोंदणीचे काम स्पेनमधल्या आलिकांते येथील संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाकडे आहे. संघाबाहेरच्या देशांतील उत्पादकही अर्ज करू शकतात आणि सीमेच्या दोन्ही बाजूंचे गट मिळून एकच अर्जही देऊ शकतात. मोल्दोवा आणि युक्रेनसाठी ही तरतूद जणू मापून शिवल्यासारखी आहे.

अडचणी तीन दिसतात. पहिली नावाचीच. जे नाव एखाद्या प्रकारच्या वस्तूचे सर्वसाधारण नाव झाले आहे, त्याची नोंदणी होत नाही. ‘बेसारेबियन’ हा शब्द व्यापाराने इतका सैल केला आहे की आक्षेप येणार हे नक्की. उलट चिप्रोव्त्सी किंवा पिरोत ही गावांची नावे आहेत, ती पकडीत राहतात. त्यामुळे मोल्दोवाने प्रदेशाच्या मोठ्या नावामागे धावण्यापेक्षा एखाद्या गावाचे किंवा खोऱ्याचे नाव घेऊन जावे, हे अधिक शहाणपणाचे ठरेल.

दुसरी अडचण अटींची. या नियमानुसार उत्पादनाचा किमान एक टप्पा त्या भागात झाला तरी पुरते. लोकर न्यूझीलंडची, रंग कारखान्यातला, कात बाहेरची आणि विणकाम फक्त इथले, असेही चालू शकते. अट कडक करायची की सैल, हे अर्ज करणाऱ्या गटाच्या हातात आहे. हाताचा माग आणि भिंतीवरच्या गालिच्याचा मूळ नमुना एवढे तरी अर्जात घट्ट धरले नाही, तर मानांकनाचा फायदा यंत्रवाल्यांनाच होईल. यंत्रावरच्या ‘पैठणी’ किती दुकानांत मिळतात हे पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

तिसरी सर्वात मोठी. मानांकन नव्या वस्तूला मिळते. शंभर वर्षांपूर्वी विणलेल्या आणि आज न्यूयॉर्कमध्ये टांगलेल्या किलीमाला त्याचा काही उपयोग नाही. जुन्या वस्तूंसाठी संघाचा दुसरा नियम आहे. सांस्कृतिक वस्तूंच्या आयातीवरचा हा नियम २८ जून २०२५पासून पूर्णपणे लागू झाला. उत्खननातल्या २५० वर्षांहून जुन्या वस्तूंना परवाना लागतो. अन्य अनेक प्रकारच्या वस्तूंसाठी आयातदाराचे निवेदन लागते, ते वस्तू २०० वर्षांहून जुनी आणि किमान १८ हजार युरोंची असेल तर. बेसारेबियाचे बहुतेक फुलांचे किलीम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले किंवा त्यानंतरचे आहेत. ते वयातच बसत नाहीत. मूळ देशातून बेकायदा बाहेर काढलेल्या वस्तूंवर सरसकट बंदी आहे खरी, पण आजीच्या पेटाऱ्यातून कधी, कसा गेला याचा कागद नसलेल्या गालिच्याबाबत ती लागू करायची कशी?

मोल्दोवाच्या राजकारणाशी याचा संबंध काय?

मोल्दोवात आपण कोण, हा प्रश्न दर निवडणुकीत उभा राहतो. मार्च २०२३मध्ये संसदेने कायद्यांतून ‘मोल्दोवन भाषा’ हे शब्द काढून ‘रुमानियन’ केले. जून २०२४मध्ये संघाशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू झाल्या. ऑक्टोबर २०२४च्या सार्वमतात युरोपच्या बाजूने कौल मिळाला, पण जेमतेम ५०.३५ टक्क्यांनी. गागाउझियात तर सुमारे ९५ टक्के मते विरोधात पडली. अध्यक्ष माया सांडू यांच्या पक्षाने सप्टेंबर २०२५च्या संसदीय निवडणुकीत बहुमत राखले, तरी ही दुफळी मिटलेली नाही.

अशा देशाला सर्वांच्या घरात सापडणारे एखादे चिन्ह हवे असते आणि गालिचा त्या कामाचा आहे. गागाउझ घरातही तोच गुलाब आहे, बल्गेरियन घरातही. पण त्याचे वर्णन सरकारी पुस्तिकांत ‘रुमानियन वारसा’ एवढेच झाले, तर कोमरातच्या आजीला तो आपल्या हातून काढून घेतल्यासारखा वाटेल. युक्रेनला वगळून मोल्दोवाने एकट्याने दावा केला, तर सीमेपलीकडच्या मोल्दोवन खेड्यांनाही तसेच वाटेल. एकत्रित अर्ज हा त्यावरचा मार्ग आहे, मात्र युद्धात गुंतलेल्या युक्रेनला त्यासाठी किती सवड आहे हे सांगणे कठीण.

जुना किलीम ओळखायचा कसा?

विकत घेणाऱ्यासाठी किंवा संग्रहालयात पाहणाऱ्यासाठी दोन साध्या खुणा. पहिली, गालिचा उलटा करून पाहणे. १८५६नंतर आलेले कृत्रिम रंग शतकाच्या अखेरीस खेड्यांत पोहोचले. त्यातले काही किरमिजी-गुलाबी रंग उन्हाने उडतात. पुढून राखाडी झालेला गुलाब मागून भडक दिसला, तर विणणारीने वापरलेला रंग तो मागचा. लोह वापरून केलेला काळा रंग लोकर खातो, म्हणून जुन्या गालिच्यात काळ्या रेषा शेजारच्या रंगांपेक्षा खोल गेलेल्या जाणवतात.

दुसरी खूण कोपऱ्यातली. काही बायकांनी काठाजवळ आद्याक्षरे आणि वर्ष विणून ठेवले आहे. ही अक्षरे कोणत्या लिपीत आहेत ते पाहावे. झारच्या राजवटीत या भागात सिरिलिक चालत होती, १९१८ ते १९४०दरम्यान लॅटिन, सोव्हिएत काळात पुन्हा सिरिलिक आणि ३१ ऑगस्ट १९८९च्या कायद्यानंतर परत लॅटिन. गालिचा कोणत्या राजवटीत विणला गेला याचा अंदाज त्या दोन अक्षरांवरून बांधता येतो. आणि विक्रेत्याच्या ओळीत नसलेले विणणारीचे नाव, निदान त्याची सुरुवात तरी, तिथेच सापडते.